आचारसंहिता आणि सभासदांचा क्षोभ

सन 2019 च्या सप्टेंबर महिन्याच्या 27 तारखेस, शुक्रवारी, स्टॅक ओव्हरफ्लो या अमेरिकी कंपनीने आपल्या सहा संकेतस्थळांवर अनेक वर्षे बिनवेतन देखरेख करीत आलेल्या एका महिला मॉडरेटरला त्या साऱ्या पदांवरून एकदम दूर केले. वाद ज्या नियमावरून पेटला होता तो नियम त्या दिवशी सामान्य सभासदांच्या दृष्टीसही पडलेला नव्हता. त्याची वार्ता तेवढी मॉडरेटरांच्या खाजगी बैठकीत आली होती, आणि तो रीतसर जाहीर झाला 10 ऑक्टोबर रोजी, म्हणजे बडतर्फीनंतर जवळजवळ दोन आठवड्यांनी. वारंवार सांगूनही संबंधित व्यक्ती आचारसंहिता पाळावयास राजी नव्हती, असे कंपनीच्या प्रवक्त्याने एका वृत्त-संकेतस्थळाच्या प्रतिनिधीस सांगितले. आपण येऊ घातलेल्या नियमाविषयी सहकाऱ्यांत शंका तेवढ्या विचारल्या, ताकीद कधी मिळालीच नाही, अशी त्या बाईंची कैफियत होती. पुढल्या काही दिवसांत निरनिराळ्या स्थळांवरील मॉडरेटरांनी मोठ्या संख्येने राजीनामे दिले, कित्येकांनी काम तहकूब ठेवले, आणि अकरा वर्षे जमत आलेला विश्वास एका पंधरवड्यात ढासळला.

ही हकीकत वरकरणी परदेशातील एका खाजगी कंपनीच्या अंतर्गत कारभाराची आहे. तथापि पुण्याच्या हिंजवडीत वा मुंबईतील एखाद्या कचेरीत संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या ज्या मराठी तरुणांचा दिवस या कंपनीच्या प्रश्नोत्तरांच्या स्थळावरील उत्तरे धुंडाळल्यावाचून सरत नाही, त्यांचाही या संस्थेशी ऋणानुबंध आहे. आणि माणसांचा परस्परसंवाद दिवसेंदिवस अशाच खाजगी मालकीच्या आवारांत चालू लागला असल्यामुळे, तेथील वागणुकीचे नियम कोणी करावे, कसे करावे व त्यांच्याविरुद्ध दाद कोठे मागावी, हा प्रश्न आता कोणा एका देशाचा राहिलेला नाही. माझे मत आरंभीच नमूद करतो. त्या नियमामागील मागणी न्याय्य होती. तो ज्या रीतीने आणला गेला ती रीत अन्यायाची होती. आणि त्या रीतीचा सर्वांत जड भार, ज्यांच्या संरक्षणासाठी नियम झाला, त्यांनाच वाहावा लागला.

एवढा क्षोभ का उसळला हे समजण्यासाठी प्रथम त्या संस्थेची घडण ध्यानी घेतली पाहिजे. जोएल स्पोल्स्की आणि जेफ ॲटवूड या दोघा संगणकतज्ज्ञांनी 2008 साली स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केले, तेव्हा त्याचे नावसुद्धा ॲटवूड यांच्या वाचकांनी मतदान करून निवडले होते. कोणीही प्रश्न विचारावा, ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर द्यावे, आणि उत्तराची योग्यता इतरांनी मते देऊन ठरवावी, अशी ती योजना. उत्तराला मिळालेल्या प्रत्येक अनुकूल मतामागे लेखकाच्या खात्यावर दहा गुण जमा होतात व गुणांच्या प्रमाणात त्याचे अधिकार वाढत जातात: 50 गुण झाले की कोणाच्याही मजकुराखाली टिप्पणी लिहिता येते, 2,000 झाले की दुसऱ्याच्या मजकुरात थेट दुरुस्ती करता येते, 3,000 झाले की अप्रस्तुत प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येते, आणि 10,000 नंतर काढून टाकलेला मजकूरही वाचता येतो. या सर्वांच्या वर मॉडरेटर असतात. स्थिरावलेल्या स्थळांवर सभासद त्यांना निवडणुकीने नेमतात, त्यांच्या नावापुढे हिऱ्याचे चिन्ह असते, आणि 2019 साली कंपनीच्या संकेतस्थळांच्या परिवारातील सुमारे 170 स्थळांवर असे पाचशेहून अधिक मॉडरेटर काम पाहत होते. सभासदांतून आलेल्या या मॉडरेटरांपैकी एकालाही वेतन नव्हते.

याला आणखी एका गोष्टीची जोड आहे. या स्थळांवर लिहिलेला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध होतो. लेखकाचे नाव देऊन व तोच परवाना कायम राखून तो कोणालाही पुन्हा वापरता येतो. म्हणजे यंत्रसामग्री कंपनीची, नाममुद्रा कंपनीची आणि उत्पन्नही कंपनीचे. परंतु ज्ञानाचा साठा सभासदांच्या श्रमाचा, त्या साठ्याची स्वच्छता सभासदांच्या जागरूकतेची आणि शिस्त सभासदांच्या देखरेखीची. 2021 साली प्रोसस या कंपनीने स्टॅक ओव्हरफ्लो 1.8 अब्ज डॉलरला विकत घेण्याचे ठरविले, तेव्हा त्या किमतीत हा सारा विनामूल्य श्रम अंतर्भूत होता. कायद्याच्या दृष्टीने मालक एक आणि नैतिक दृष्टीने भागीदार हजारो, अशा या द्विविध स्वरूपामुळेच अशा ठिकाणचा नियमबदल साध्या व्यापारी शर्तीच्या बदलासारखा स्वीकारला जात नाही. दुकानदाराने उधारीची मुदत कमी केली तर गिऱ्हाईक दुसरे दुकान पाहते. येथे सभासदाला आपण गिऱ्हाईक आहोत असे कधी वाटलेलेच नसते, आणि तसे वाटू नये यासाठीच तर ती सारी रचना केलेली असते.

वागणुकीचा नियम प्रारंभी अगदी साधा होता: सौजन्याने वागा. परंतु ज्या कडव्या चोखंदळपणामुळे उत्तरांचा दर्जा टिकला, त्याच चोखंदळपणाचा जाच नवख्यांना होई. अजाण प्रश्न विचारणाऱ्याला तुटकपणे परतवून लावले जाई. एप्रिल 2018 मध्ये कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीर लेख लिहून हे कबूल केले की, नवोदितांना, स्त्रियांना व वर्णाने अल्पसंख्य असलेल्यांना हे स्थळ आपलेसे वाटत नाही. कबुली प्रामाणिक होती. परंतु ज्यांनी वर्षानुवर्षे रोजचे तासन् तास खर्चून हजारो निरर्थक प्रश्न निवडून काढले होते, त्यांना त्या लेखात आपल्यावरच ठपका ठेवल्यासारखे वाटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या साध्या नियमाच्या जागी सविस्तर आचारसंहिता आली, आणि ती बऱ्याच चर्चेनंतर आल्यामुळे निभावून गेली. मनात मात्र अढी राहिली होती. तिच्यात 2019 च्या सप्टेंबरात आणखी एका कारणाची भर पडली: सभासदांच्या जुन्या लेखनाचाही मुक्त परवाना कंपनीने परस्पर बदलून त्याला नव्या आवृत्तीचा परवाना लावला, आणि लेखकांच्या संमतीवाचून तसे करण्याचा अधिकार तिला पोचतो काय, याविषयी तीव्र वाद चालू असतानाच नव्या नियमाचे प्रकरण उद्भवले.

तो नियम सर्वनामांचा होता. इंग्रजी वाक्यात तृतीयपुरुषी एकवचनी सर्वनाम योजताना लिहिणाऱ्याला पुल्लिंग की स्त्रीलिंग अशी निवड करावी लागते. ज्यांची लिंगओळख जन्मवेळी नोंदलेल्या लिंगाहून भिन्न आहे, किंवा जी या दोन्ही कप्प्यांत मावत नाही, अशा व्यक्तींना चुकीच्या सर्वनामाने संबोधणे म्हणजे त्यांचे अस्तित्व चारचौघांत नाकारणे होय. काहींकडून हे अनवधानाने घडते, काहीजण हेतुपुरस्सर करतात, आणि हेतुपुरस्सर करणाऱ्यांच्या हाती ते छळाचे साधन बनते. म्हणून ज्या व्यक्तीने आपली सर्वनामे सांगितली असतील तिच्याविषयी लिहिताना तीच वापरावी, असा दंडक कंपनीने घातला. या मागणीत मला काहीही अवाजवी दिसत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात आपली लिंगओळख आपण ठरविण्याचा हक्क मान्य केला आहे. माणसाने स्वतःविषयी जे सांगितले त्याचा मान राखणे हे सभ्य समाजाचे किमान लक्षण होय, आणि ते पाळावयास आढेवेढे घेणाऱ्यास नियमाने सांगावे लागले तर त्यात वावगे काही नाही.

अडचण उत्पन्न झाली ती नियमाच्या कडांवर. संहितेसोबत प्रसिद्ध झालेल्या प्रश्नोत्तरांत असे म्हटले होते की, एखाद्याची सर्वनामे पसंत नाहीत म्हणून ती मुद्दाम टाळणे हाही संहितेचा भंग समजला जाईल. आता तांत्रिक प्रश्नोत्तरांत तृतीयपुरुषी सर्वनामाची गरजच मुळी क्वचित पडते. कित्येक लेखक सवयीनेच व्यक्तीचा उल्लेख टाळून मजकुराविषयी लिहितात, आणि ही सवय काही वाईट नव्हे. मग एखाद्याने सर्वनाम सवयीने टाळले की द्वेषाने टाळले हे ठरविणार कोण आणि कशावरून? ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा, भारतातील असंख्य सभासदांसह जगभरच्या लोकांना, अनेकवचनी सर्वनाम एकाच व्यक्तीसाठी योजण्याची रीत शाळेत कधी शिकविलेली नसते. त्यांच्या हातून होणारी चूक आणि अवमान यांतील भेद कोण जाणील? काहींनी धर्मश्रद्धेची हरकत पुढे केली. आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, विरोध करणाऱ्यांच्या त्या गर्दीत प्रामाणिक शंका विचारणाऱ्यांच्या आडोशाने असेही लोक शिरले होते की ज्यांना मुळात लिंगभावी अल्पसंख्यांचा आदरच मान्य नव्हता. अशा प्रत्येक लोकक्षोभात हे मिश्रण असते. कंपन्यांचे अधिकारी बहुधा त्यातील सर्वांत ओंगळ आवाज ऐकतात आणि साऱ्या विरोधाला त्याच मापाने मोजतात. विरोधकांतील सज्जन आपल्याच बाजूच्या ओंगळ आवाजांकडे कानाडोळा करतात. आणि या दोन्ही चुका एकमेकींना बळ देतात.

परिणाम काय झाला? ज्या सभासदांच्या सन्मानासाठी नियम झाला, त्यांच्या अस्तित्वावरच महिनोन्‌महिने जाहीर वादविवाद चालला. त्यांपैकी जे मॉडरेटर होते त्यांना आपल्या सहकाऱ्यांच्या बैठकीत, व्याकरणाच्या निमित्ताने का होईना, आपण आदरास पात्र आहोत की नाही याची चिकित्सा ऐकत बसावे लागले, आणि काहींनी त्या मनस्तापापायी काम सोडले. बाजू घेणाऱ्या दोन्ही तटांनी या माणसांची फारशी विचारपूस केली नाही. नियमाचा मसुदा सभासदांपुढे ठेवून, शंकांची उत्तरे आधी सिद्ध करून, ठरावीक मुदतीने तो अंमलात आणला असता, तर यातील बरीचशी यातना टळली असती असे मी निश्चयाने म्हणतो. कारण ज्या शंका ऑक्टोबरात क्रोधाने विचारल्या गेल्या, त्याच शंका ऑगस्टमध्ये जिज्ञासेने विचारल्या जाऊ शकल्या असत्या.

कायद्याच्या अभ्यासकास यात नवे काही वाटणार नाही. नियम आधी, शिक्षा नंतर. आरोप आधी, निर्णय नंतर. आणि निर्णय देणारा व आरोप करणारा शक्यतो निराळे, ही तत्त्वे सर्व सुसंस्कृत न्यायपद्धतींनी दीर्घ अनुभवानंतर स्वीकारली आहेत. कृत्य घडले त्या वेळी जो कायदा अस्तित्वात नव्हता त्याखाली कोणासही अपराधी ठरवता येणार नाही, असे भारतीय राज्यघटनेचा 20 वा अनुच्छेद सांगतो. खाजगी कंपनीवर हा अनुच्छेद बंधनकारक नाही, हे खरे. तिला हव्या त्या माणसाला आपल्या आवाराबाहेर काढण्याचा हक्क आहे, हेही खरे. परंतु न्यायाची ही तत्त्वे घटनाकारांनी निर्माण केलेली नाहीत. ती माणसाच्या न्यायबुद्धीतून आलेली आहेत, आणि जेथे जेथे माणसे एकत्र येऊन काम करतात तेथे तेथे ती जागृत असतात. न्यायालयाची इमारत असो वा नसो. म्हणूनच, सर्वनामांच्या नियमाला मनापासून पाठिंबा असणारे कित्येक मॉडरेटरही त्या बडतर्फीच्या निषेधार्थ बाहेर पडले. त्यांच्या राजीनाम्यांना नियमाला झालेला विरोध समजणे ही त्या काळी अनेक वार्ताहरांनी केलेली मोठी गल्लत होय.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीच्या तंत्रज्ञान-प्रमुखांनी जाहीर क्षमायाचना केली. 23 डिसेंबर रोजी कंपनी व त्या मॉडरेटर यांच्यात समझोता झाल्याचे प्रसिद्ध करण्यात आले. त्यात त्यांच्या लौकिकास पोचलेल्या हानीबद्दल कंपनीने खेद व्यक्त केला, त्यांच्या शंका सद्भावनेच्या होत्या हे मान्य केले, आणि पुनर्नियुक्तीसाठी अर्ज करण्याचे निमंत्रण दिले. मॉडरेटरास पदावरून दूर कसे करावे आणि परत कसे घ्यावे याची लेखी कार्यपद्धतीही याच सुमारास तयार झाली. जी कार्यपद्धती पहिल्याच दिवशी दप्तरी असावयास हवी होती, ती एका माणसाची अप्रतिष्ठा झाल्यावर लिहिली गेली.

संस्थेचा ऱ्हास होऊ लागला की माणसापुढे दोन मार्ग असतात, सोडून जाणे किंवा आवाज उठविणे, आणि या दोहोंतून तो कोणता निवडील हे त्याच्या निष्ठेवर अवलंबून असते, असा सिद्धांत अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी 1970 साली मांडला. क्षोभाचा हा गदारोळ ऐकून कंपनीचे संचालक सभासदांना कृतघ्न समजतात. हर्शमन यांच्या दृष्टीने पाहिले तर तो गदारोळ निष्ठेचाच पुरावा ठरतो, कारण ज्याची निष्ठा उडाली तो भांडत नाही, निघून जातो. मुक्त परवान्यामुळे येथे निघून जाणाऱ्याला आपले लेखनही बरोबर नेता येते, ही विशेष गोष्ट. 2002 साली, विकिपीडियावर जाहिराती येतील या धास्तीने स्पॅनिश विकिपीडियाच्या अनेक लेखकांनी बाहेर पडून एन्सिक्लोपेदिया लिब्रे नावाचा स्वतंत्र मुक्त ज्ञानकोश सुरू केला होता. स्टॅक ओव्हरफ्लोच्या प्रकरणानंतरही असंतुष्ट सभासदांनी कोडिडॅक्ट या नावाने बिननफ्याची निराळी संस्था उभारली. ती लहान आहे, पण चालू आहे.

2019 हेच वर्ष विकिपीडियालाही अशाच परीक्षेचे गेले. 10 जून रोजी विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानच्या विश्वास व सुरक्षा विभागाने इंग्रजी विकिपीडियाच्या एका जुन्या प्रचालकावर, म्हणजे तेथील मॉडरेटरावर, तेवढ्याच विकिपीडियापुरती एक वर्षाची बंदी घातली. तक्रार कोणाची, पुरावा काय, हे गोपनीय, अपील नाही. इंग्रजी विकिपीडियावर शिस्तीची प्रकरणे सभासदांनी निवडून दिलेली लवाद समिती पाहत असे. तिला डावलून वरून हुकूम आला, हे सभासदांना असह्य झाले. एका प्रचालकाने बंदी उठवली, प्रतिष्ठानने ती पुन्हा घालून त्या प्रचालकाचे अधिकार काढले, तरी दुसऱ्याने ती परत उठवली. वीसहून अधिक प्रचालकांनी राजीनामे दिले. अखेर प्रतिष्ठानच्या विश्वस्तांनी प्रकरण लवाद समितीकडे सोपविले आणि सप्टेंबरात समितीने बंदी रद्द केली. मात्र त्या व्यक्तीचे प्रचालकपद आपोआप परत दिले नाही, म्हणजे वागणुकीविषयीच्या तक्रारी अगदीच निराधार नव्हत्या असाच त्याचा अर्थ होतो. गोपनीयतेचीही बाजू येथे समजून घेतली पाहिजे. ज्याला छळ सोसावा लागला त्याने जाहीर सभेत उभे राहून पुरावा मांडावा, अशी अट घातली तर बहुतेक पीडित तक्रारच करणार नाहीत. आणि आरोप गुप्त ठेवला तर आरोपीला बचावाची संधी राहत नाही. हा पेच खरा आहे, आणि त्याचे सोपे उत्तर कोणाजवळही नाही.

पुढे जे झाले ते मला अधिक उद्बोधक वाटते. विश्वस्तांनी 2020 साली सर्व भाषांतील सर्व प्रकल्पांसाठी एकच वैश्विक आचारसंहिता करण्याचे ठरविले व तिला मंजुरी दिल्याचे 2 फेब्रुवारी 2021 रोजी जाहीर केले. परंतु अंमलबजावणीचे नियम मात्र सभासदांच्या मतास टाकले. मार्च 2022 च्या मतदानात अनुकूल मते साठ टक्क्यांच्या थोडी खालीच राहिली. बहुमत होते, तेवढ्यावर रेटून नेता आले असते. तसे न करता विरोधी मत देणाऱ्यांच्या शेऱ्यांची छाननी झाली, पीडिताची गोपनीयता आणि आरोपीचा बाजू मांडण्याचा हक्क यांचा तोल, प्रचालकांवर लादलेली सक्तीची प्रशिक्षणे, इतर भाषांत नीट उतरू न शकणारी बोजड इंग्रजी वाक्ये, या बाबींवर समितीने पुन्हा काम केले, आणि जानेवारी 2023 मध्ये दुरुस्त मसुद्यावर पुन्हा मतदान झाले. या वेळी सुमारे 76 टक्के मते अनुकूल पडली. वीस महिन्यांहून अधिक काळ गेला, कंटाळवाणी चर्चा झाली. पण 2019 सारखे बंड झाले नाही. सामायिक मालमत्तेच्या व्यवस्थापनाचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 सालच्या आपल्या ग्रंथात दीर्घकाळ टिकलेल्या अशा व्यवस्थांची जी लक्षणे नोंदविली, त्यांत नियमांनी बांधले गेलेल्यांना ते नियम बदलण्यात सहभाग असणे हे एक आहे. कुरणे, पाटबंधारे व मासेमारीची क्षेत्रे पाहून त्यांनी काढलेला हा निष्कर्ष ज्ञानकोशालाही लागू पडला, यात मला आश्चर्य वाटत नाही.

मतदान म्हणजे मात्र सहभाग नव्हे, याचे उदाहरण फेसबुकने घालून दिले आहे. फेब्रुवारी 2009 मध्ये शर्ती परस्पर बदलल्यावर झालेल्या गिल्ल्यामुळे कंपनीने माघार घेतली आणि यापुढे महत्त्वाचे बदल मतास टाकू असे अभिवचन दिले. परंतु निकाल बंधनकारक होण्यासाठी सक्रिय सभासदांपैकी 30 टक्क्यांनी मत द्यावे अशी अट ठेवली. त्या वेळी सभासदसंख्या वीस कोटी होती, म्हणजे सहा कोटी मते हवी होती. पडली साडेसहा लाखांच्या आसपास. डिसेंबर 2012 मध्ये मतदानाचा हक्कच काढून टाकण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी जवळजवळ 88 टक्के लोक प्रस्तावाच्या विरुद्ध होते. परंतु एक अब्ज सभासदांपैकी एक टक्क्यानेही मत दिलेले नसल्यामुळे हक्क गेला. ज्या हक्काचा उपयोग होणे व्यवहारात अशक्य होते तो देण्यात आला आणि उपयोग झाला नाही म्हणून काढून घेण्यात आला. ही फसवणूक होती असे मी म्हणत नाही, पण सहभागही नव्हता.

स्टॅक ओव्हरफ्लोने 2019 पासून धडा घेतला असेल अशी कोणाची अपेक्षा असल्यास 2023 ने ती फोल ठरविली. चॅटजीपीटी लोकांच्या हाती आल्यावर काही दिवसांतच, डिसेंबर 2022 मध्ये, मॉडरेटरांनी त्याने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली होती, कारण ती उत्तरे दिसावयास डौलदार आणि पुष्कळदा चुकीची असत. मे 2023 च्या अखेरीस कंपनीने मॉडरेटरांना कळविले की, मजकूर यंत्राने लिहिला असल्याच्या संशयावरून तो काढणे वा लेखकास निलंबित करणे जवळपास थांबवावे; आणि मॉडरेटरांच्या म्हणण्याप्रमाणे खाजगीत दिलेला हुकूम जाहीर निवेदनापेक्षा पुष्कळ कडक होता. 5 जूनपासून मॉडरेटर व अनुभवी सभासद संपावर गेले. कचरा मजकूर हुडकणारी स्वयंसेवकांची यंत्रणा बंद पडली, तक्रारींचे ढीग साचले, आणि दोन महिन्यांच्या वाटाघाटीनंतर ऑगस्टमध्ये कंपनीने मॉडरेटरांशी मसलत करून निकष ठरविण्याचे मान्य केले, तेव्हा संप मिटला. नियम या वेळी सर्वनामांचा नव्हता, वागणुकीचाही नव्हता. तरी तक्रारीचा मजकूर चार वर्षांपूर्वीचाच होता. ज्यांनी अंमल करावयाचा त्यांना विचारले गेले नव्हते, आणि ज्यांना पाळावयाचा त्यांना पूर्ण नियम सांगितला गेला नव्हता.

या साऱ्याचा मराठी वाचकाशी थेट संबंध आहे. 1 मे 2003 रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया त्याच वैश्विक आचारसंहितेखाली येतो. तिची अंमलबजावणी पाहणारी समन्वय समिती 2024 पासून सभासदांच्या मतदानाने निवडली जाते. ठरावीक संख्येने संपादने केलेल्या कोणाही लेखकाला, मग तो मराठीत लिहीत असो वा इंग्रजीत, तेथे मत आहे. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच लेखक मोठ्या संख्येने मत देतात, आणि नियमांची घडण साहजिकच त्यांच्या अनुभवातून होते. मराठी विकिपीडियावर जे लिहितात त्यांनी ती आचारसंहिता एकदा पूर्ण वाचावी, तिच्यातील जे कलम आपल्या समाजाला लागू पडत नाही असे वाटेल त्याविषयी चर्चा चालू असतानाच हरकत नोंदवावी, आणि पुढील निवडणुकीत मत द्यावे.